प्रसूती रजेनंतर नोकरी गेली तर : कायद्याचे संरक्षण आणि करावयाची कार्यवाही

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांतील मुली आणि सुना आज शाळा, रुग्णालये, बँका, विमा कंपन्या, कारखाने आणि संगणक क्षेत्रातील कंपन्यांमध्ये नोकरी करतात. काही इंदूरमध्येच आहेत, काही पुणे, बंगळुरू, हैदराबादला. प्रसूती रजा मिळते हे बहुतेकांना ठाऊक असते. पण रजेवर असताना किंवा रजा संपताना "आता तुमची गरज नाही" असे पत्र आले, किंवा "तुम्हीच राजीनामा द्या" असा निरोप आला, तर काय करायचे हे फार थोड्यांना माहीत असते. अशा वेळी घरातल्या आम्हा ज्येष्ठांचा पहिला सल्लाही बहुधा "जाऊ दे, बाळ लहान आहे, नोकरी दुसरी मिळेल" असाच असतो. तो प्रेमापोटी दिलेला असतो, पण त्या सल्ल्यात तक्रारीची मुदत निघून जाते. म्हणून ही माहिती एका जागी, क्रमवार देत आहोत.

कायदा कोणता?

या विषयाचा मूळ केंद्रीय कायदा म्हणजे मातृत्व लाभ कायदा, १९६१. आपल्या मध्य प्रदेशातील हिंदी कागदपत्रांत त्याचे नाव "प्रसूति प्रसुविधा अधिनियम" असे आढळते. नाव वेगळे दिसले तरी कायदा तोच. २०१७ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्या सहाव्या प्रकरणात मातृत्व लाभाच्या तरतुदी आल्या आहेत. कलमांचे क्रमांक बदलले, पण रजेचा कालावधी, पात्रता आणि नोकरीचे संरक्षण यांचा गाभा पूर्वीचाच आहे. जुन्या कायद्यातील कलम १२ म्हणजे बडतर्फीविरुद्धचे संरक्षण. तेच संरक्षण संहितेत कलम ६८ मध्ये आहे.

या कायद्यामागे मराठी माणसांचे श्रम आहेत, हेही आपल्या मुलांना माहीत असावे. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात यासाठी विधेयक आणले होते. ते संमत झाले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने कायदा केला. पुढे राज्यघटनेच्या ४२व्या अनुच्छेदात प्रसूती साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली गेली.

कोणाला लागू?

कारखाने, खाणी, मळे यांना हा कायदा लागू आहेच. त्याशिवाय जिथे १० किंवा अधिक माणसे कामाला आहेत अशी दुकाने आणि आस्थापने त्यात येतात. खासगी शाळा, रुग्णालये, कार्यालये बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

पात्रतेची अट एकच आहे : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे. "अजून कायम झालेली नाही", "प्रोबेशनवर आहे", "ठेकेदारामार्फत आहे", "रोजंदारीवर आहे" ही कारणे चालत नाहीत. पगाराची वरची मर्यादाही नाही. सफाई कामगार आणि व्यवस्थापक या दोघींनाही हा कायदा सारखाच लागू होतो.

सरकारी कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र रजा नियम असतात. ज्यांचा पगार राज्य विमा योजनेच्या मर्यादेत बसतो (२०१७ पासून ही मर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरली), त्यांना रजेचे पैसे मालकाऐवजी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतात. तिथेही लाभ चालू असताना मालक त्या स्त्रीला कामावरून काढू शकत नाही.

घरकाम करणाऱ्या बायका आणि १० पेक्षा कमी माणसांची छोटी दुकाने या कायद्याबाहेर राहतात, ही मोठी उणीव आहे. अशा स्त्रियांना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळू शकतात. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंना ही योजना सांगावी. अर्ज अंगणवाडीतून होतो.

रजा किती, पैसे किती?

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. हयात असलेली दोन किंवा अधिक अपत्ये असतील, तर १२ आठवडे. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. गर्भारपण किंवा प्रसूतीमुळे आजारपण आले, तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी १ महिना. प्रसूतीनंतरचे पहिले ६ आठवडे मालकाने कामावर घेणेच मना आहे, मग ती स्त्री स्वतः तयार असली तरी.

पैशांचा हिशेब रजेआधीच्या ३ महिन्यांतील सरासरी दैनिक वेतनावर होतो. आठवडा म्हणजे रविवारसह ७ दिवस, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बी. शाह खटल्यात स्पष्ट केले. वरवर छोटी वाटणारी ही बाब हिशेबात छोटी नाही. रोज ५०० रुपये मिळवणाऱ्या स्त्रीचे २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, एकूण ९१,००० रुपये. रविवार वगळले तर १५६ दिवस, ७८,००० रुपये. फरक १३,००० रुपयांचा. हातात आलेली रक्कम घरी बसून एकदा ताडून पाहावी.

प्रसूतीपूर्व काळाचे पैसे गर्भारपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यावयाचे असतात.

नोकरीचे संरक्षण नेमके कसे?

कायद्याने चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्या वेगवेगळ्या समजून घ्याव्यात.

एक : स्त्री या कायद्याखालील रजेवर असताना तिला काढून टाकणे किंवा बडतर्फ करणे बेकायदेशीर आहे. रजा "त्या रजेमुळे" संपवली, असे मालकाने लिहिण्याची गरज नाही. रजेच्या काळात काढले, एवढेच पुरते.

दोन : रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणेही बेकायदेशीर आहे. म्हणजे आज एक महिन्याची नोटीस दिली आणि तो महिना रजेतच संपत असेल, तर ती नोटीस चालणार नाही.

तीन : रजेच्या काळात नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. पगार कमी करणे, पद खाली आणणे, ज्येष्ठता तोडणे, हे सगळे यात येते. "काढले नाही, फक्त दुसऱ्या जागेवर घेतले" असे म्हणून मालक सुटत नाही.

चार : रजा सुरू होण्याआधी, गर्भारपणात काढून टाकले, तरी तिचा मातृत्व लाभ बुडत नाही. ती नोकरीत राहिली असती तर जो पैसा मिळाला असता, तो द्यावाच लागतो. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा आहे, आणि तेव्हाही मालकाला लाभ नाकारल्याचे लेखी कळवावे लागते. रजा घेणे किंवा गर्भवती असणे हे गैरवर्तन होऊ शकत नाही, हे वेगळे सांगायला नको.

याशिवाय नेमणूकपत्रात "गर्भवती राहिल्यास नोकरी संपेल" किंवा "मातृत्व लाभ मिळणार नाही" असे लिहून घेतले आणि त्यावर सही झाली, तरी ती अट कायद्यापुढे टिकत नाही.

रजा संपून कामावर रुजू झाल्यावर काय?

इथे आपल्या सभासदांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. वर दिलेले थेट संरक्षण प्रामुख्याने गर्भारपण आणि रजा या काळासाठी आहे. रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी नोकरी गेली, तर केवळ या कायद्यावर बोट ठेवून भागत नाही. मग पुढील मुद्दे पाहावे लागतात.

काढण्याचा निर्णय रजेतच झाला होता का? रजेच्या काळातील ईमेल, तिच्या जागी कायमची नेमणूक, नावापुढचे पद बदलणे, यांवरून ते दिसू शकते. रुजू होतानाच पगार किंवा पद कमी केले असेल, तर ते रजेतील अटी बदलण्यातच मोडते. कामात कमतरता दाखवली असेल, तर रजेआधीची मूल्यमापने काय सांगतात? कामगार या व्याख्येत बसणाऱ्या स्त्रीला कामगार कायद्याखाली अन्यायकारक बडतर्फीविरुद्ध स्वतंत्र दाद मागता येते. व्यवस्थापक पदावरील स्त्रीला तो मार्ग सहसा खुला नसतो. तिला नेमणुकीच्या अटी आणि दिवाणी मार्ग पाहावा लागतो. म्हणून अशा प्रकरणात वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा.

रुजू झाल्यावरही काही हक्क चालू राहतात. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी विश्रांती मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. कामाचे स्वरूप तसे असेल, तर दोघांच्या संमतीने काही काळ घरून काम ठरवता येते. हे हक्क मागितले म्हणून त्रास सुरू झाला, तर त्याची तारीखवार नोंद ठेवावी.

ठरावीक मुदतीचा करार असेल तर आणखी एक फरक लक्षात घ्यावा. करार रजेत संपला, तर नोकरी पुढे चालू ठेवण्याची सक्ती नसते. पण पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ मात्र करार संपल्यावरही द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात हेच ठरवले.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

१९८१ : एअर इंडियाच्या हवाई सेविकांना पहिल्या गर्भारपणीच नोकरी सोडावी लागे. नर्गिस मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

१९९१ : नीरा माथुर आयुर्विमा महामंडळात १९८९ मध्ये प्रोबेशनवर लागल्या. प्रसूती रजा घेतली, जानेवारी १९९० मध्ये बाळ झाले आणि फेब्रुवारीत नोकरी संपल्याचे पत्र आले. कारण दिले ते असे, की नेमणुकीच्या वेळच्या फॉर्ममध्ये मासिक पाळी आणि गर्भारपणाबद्दल खरी माहिती दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि असले लाजिरवाणे प्रश्न फॉर्ममधून काढून टाकावेत, असेही महामंडळाला सांगितले. प्रोबेशनवरील मुलींनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

२००० : दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना मातृत्व लाभ नाकारला होता. रस्त्यावर खडी-माती उचलणाऱ्या स्त्रीलाही हा लाभ मिळालाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला.

२०२५ : तामिळनाडूतील शिक्षिका के. उमादेवी यांच्या प्रकरणात मातृत्व रजा ही प्रजननविषयक हक्कांचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

दाद कुठे आणि किती दिवसांत?

सर्वांत महत्त्वाचा आकडा ६०. काढून टाकल्याचा किंवा लाभ नाकारल्याचा आदेश हाती आल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करावे लागते. हे ६० दिवस कसे जातात ते आपल्या सर्वांना माहीत आहे. बाराव्या दिवशी बारसे, मग सव्वा महिना, बाळाच्या लसी, आईची तब्येत. रात्री झोप नसलेल्या मुलीकडून अर्जाची अपेक्षा ठेवू नये. हे काम आजोबा, काका, भाऊ, नवरा यांनी अंगावर घ्यावे. मसुदा घरच्यांनी करावा, तिने वाचून सही करावी.

तक्रार जिथे नोकरी आहे तिथल्या श्रम विभागाकडे जाते, माहेर किंवा सासर जिथे आहे तिथे नाही. नोकरी पुण्यात आणि बाळंतपण इंदूरला असेल, तर अर्ज पुण्याच्या कार्यालयात. मध्य प्रदेशातील नोकरी असेल तर जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात जावे. राज्याच्या श्रमायुक्तांचे मुख्य कार्यालय इंदूरमध्येच आहे. श्रम निरीक्षकाला चौकशी करण्याचा आणि लाभ देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार असतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

कागद सांभाळा

आमची सारी नोकरी बँकेत गेली. तोंडी शब्दाला तिथे किंमत नसते आणि कागदाला असते, हे रोज पाहिले. श्रम कार्यालयातही तसेच आहे. पुढील कागद एका फायलीत हवेत :

१. नेमणूकपत्र, कायम केल्याचे पत्र, पगारवाढीची पत्रे आणि मागील मूल्यमापने.

२. रजेचा लेखी अर्ज. त्यात रजा कोणत्या तारखेपासून आणि पैसे कोणाला द्यावेत हे लिहावे. अर्जाची पोच घ्यावी. ईमेल केला असेल तर त्याची प्रत कार्यालयाच्या खात्याखेरीज स्वतःच्या खात्यावरही पाठवावी. नोकरी गेली की कार्यालयाचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो.

३. सोनोग्राफी, अपेक्षित तारखेचा डॉक्टरांचा दाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, बाळाचा जन्मदाखला.

४. पगाराच्या पावत्या आणि बँकेचे किमान वर्षभराचे विवरणपत्र. मालकाने पावत्या दिल्या नसतील, तर दरमहा जमा झालेली रक्कम हाच नोकरीचा पुरावा ठरतो. शाखेतून शिक्का मारलेली प्रत मागावी.

५. वरिष्ठांशी झालेले संदेश. फोनवर किंवा समोर बोलणे झाले असेल, तर त्याच दिवशी "आज आपण मला असे सांगितले" असा साधा ईमेल पाठवावा.

आणि तीन गोष्टी करू नयेत. दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नये. स्वतः दिलेल्या राजीनाम्याला बडतर्फी ठरवणे फार अवघड जाते. दिलाच असेल, तर तो दबावाखाली घेतला गेला हे लगेच, काही दिवसांतच लेखी कळवावे. "सर्व हिशेब पूर्ण झाला, काही येणे नाही" अशा कागदावर न वाचता सही करू नये. रजेच्या काळात दुसरीकडे पगारी काम करू नये. तसे केल्यास त्या काळाचा लाभ जाऊ शकतो.

जे सभासद स्वतः मालक आहेत त्यांच्यासाठी

आपल्यापैकी काहींचे कारखाने, शाळा, दवाखाने आहेत. राज्य विमा योजनेबाहेरील कर्मचाऱ्यांच्या २६ आठवड्यांच्या पगाराचा पूर्ण भार मालकावर पडतो, आणि लहान धंद्याला तो जाणवतो, हे खरे आहे. त्यामुळेच काही ठिकाणी मुलाखतीतच "लग्न कधी, मुले किती" असे विचारले जाते. पण पात्र कर्मचारी योजनेत नोंदवल्यास हा खर्च महामंडळ उचलते, हे अनेक मालक विसरतात. नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्री कर्मचाऱ्याला मातृत्व लाभाची माहिती लेखी देणे २०१७ पासून बंधनकारक झाले. रजेच्या जागी नेमलेल्या व्यक्तीला "तात्पुरती नेमणूक" असे स्पष्ट पत्र द्यावे, म्हणजे पुढे दोघींवरही अन्याय होत नाही. १९६१ च्या कायद्यात बेकायदेशीर बडतर्फीसाठी मालकाला किमान ३ महिने आणि कमाल १ वर्ष कैदेची तरतूद होती. कायदा हा विषय किती गंभीर मानत आला आहे, ते यावरून कळते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात कागद घेऊन श्रम कार्यालयात किंवा वकिलाकडे जावे. आपल्या ओळखीत कोणी मुलगी अशा अडचणीत असेल, तर तिला आधी एवढेच विचारावे, की आदेश कोणत्या तारखेला हाती आला. तिथून ६० दिवस मोजावेत आणि अर्जाला बसावे.